झाकलेली मोटर का जळते?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एका लहान कारखान्याची जबाबदारी गेली तीन वर्षे सांभाळणाऱ्या एका भगिनींनी हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या आवारात उघड्यावर दोन मोटरी आहेत. एक धूळ खेचणाऱ्या ब्लोअरची आहे आणि ती रोज आठ तास चालते. दुसरी तिच्या शेजारीच, साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाला जोडलेली आहे आणि मोठा पाऊस झाला तरच ती चालवावी लागते. पूर्वी हे सारे त्यांचे सासरे पाहत असत. पावसाळा तोंडावर आला की ते पंपाची मोटर झाकून ठेवत आणि त्यांच्या काळात ती जळाल्याचे कोणालाही आठवत नाही. तीच पद्धत पुढे चालवायची म्हणून या भगिनी मोटर जाड प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून दोरीने घट्ट बांधतात, तरीही ती तीन वर्षांत दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा पुन्हा भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) घ्यावी लागली. ब्लोअरची मोटर रोज चालत असल्यामुळे कधी झाकलीच गेली नाही आणि तिला आजवर काही झालेले नाही. वायरमन म्हणतात की, मोटर आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहे, तिला पावसाची भीती नाही, ती अन्य कारणाने जळाली असावी. सासऱ्यांना वाटते की, ताडपत्री पुरेशी घट्ट बसत नसावी. पतींच्या मते चारी बाजूंनी भिंती घालून एक खोलीच बांधून टाकावी. आपलीच हयगय झाली असे मनाला लागून राहिलेल्या या भगिनी विचारतात की, यांपैकी कोणाचे ऐकावे?

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे: जी मोटर कधी झाकली नाही ती शाबूत आहे आणि जी दरवर्षी जिवापाड जपली ती दोनदा जळाली. दोन्ही मोटरी एकाच आवारात, एकाच पावसात आणि एकाच उन्हात उभ्या आहेत. पाऊस हाच गुन्हेगार असता, तर आधी ब्लोअरची मोटर जायला हवी होती. तेव्हा हयगय झाली ही समजूत प्रथम मनातून काढून टाका. तुमच्याकडून काळजी कमी पडलेली नाही. ती ज्या समजुतीवर उभी आहे, ती समजूत मात्र तपासून पाहायला हवी. ‘पाणी बाहेरून येते, म्हणून बाहेरून अडवायचे’ अशी ती समजूत आहे आणि तुमचे सासरे, तुमचे पती व वायरमन हे तिघेही वेगवेगळ्या वाटांनी तिच्याच आधारे बोलत आहेत.

बंदिस्त मोटर बाहेरून कितीही घट्ट दिसली तरी ती हवाबंद नसते. शाफ्ट (फिरणारा दांडा) जिथून बाहेर येतो तिथे, टर्मिनल बॉक्सच्या (तारा जोडण्याच्या डबीच्या) कडांना आणि केबलच्या ग्लँडपाशी (केबल आत घेणाऱ्या कड्यापाशी) सूक्ष्म फटी असतातच. मोटर चालून आतली हवा २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेली की तिचे आकारमान जवळपास एक षष्ठांशाने वाढते आणि तेवढी हवा या फटींतून बाहेर पडते. मोटर थांबून थंड झाली की तेवढीच हवा पुन्हा आत ओढली जाते आणि ही येणारी हवा आवारातली, म्हणजे पावसाळ्यात दमटच असते. बंद असलेली मोटरसुद्धा दिवसा तापून आणि रात्री निवून हाच श्वासोच्छ्वास संथपणे करत राहते. पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये ३० अंशांना साधारण ३० ग्रॅम बाष्प मावते आणि २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच मावते, त्यामुळे रात्री मोटरीचे लोखंड गार पडले की उरलेले बाष्प आतल्या भिंतींवर आणि वाइंडिंगवर (तारेच्या वेटोळ्यांवर) दवासारखे जमते. एका रात्रीत जमणारे हे पाणी एका थेंबाहूनही कमी असते. चालत्या मोटरीत ते दुसऱ्या दिवशीच्या उष्णतेने उडून जाते. तुमच्या पंपाच्या मोटरीत मात्र ते उडायला निमित्तच मिळत नाही, आणि आठवड्यामागून आठवडे ती ओल आतल्या धुळीत, तारेच्या व्हार्निशवरच्या बारीक तड्यांत मुरत राहते. मग एके दिवशी मोठा पाऊस होतो, कोणीतरी घाईने बटण दाबते आणि भिजलेल्या वाइंडिंगवर पूर्ण विद्युतदाब येतो.

याहून वाईट अवस्था पंप थांबल्यानंतर येते. तासभर चालून तापलेली मोटर कोसळत्या पावसात बंद केली की तिची बॉडी झपाट्याने थंड होते, आतला दाब एकदम उतरतो आणि त्या ओढीने फटींपाशी साचलेले पाणीच आत खेचले जाऊ शकते. तुमचा पंप नेमका अशाच वेळी चालतो आणि अशाच वेळी थांबतो. ब्लोअर आणि पंप यांच्यातला हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता ताडपत्रीविषयी. सासऱ्यांची पद्धत चुकीची होती असे मी म्हणणार नाही. त्यांना आदराने दोन प्रश्न मात्र विचारा: ते कशाने झाकत असत आणि झाकण खालपर्यंत बांधत असत का? माझा अंदाज असा आहे की, त्या काळी गोणपाट किंवा जाड सुती कापड वरून टाकलेले असे आणि त्याच्या कडा मोकळ्या असत. असे कापड पावसाचा मारा अडवते आणि तरीही त्यातून हवा खेळती राहते. प्लॅस्टिकची ताडपत्री दोरीने आवळली की जमिनीतून उठणारी वाफ तिच्याखाली अडकते आणि सकाळी आतल्या बाजूला थेंब लोंबताना दिसतात. या पावसाळ्यात एखाद्या सकाळी ती सोडून तिच्या आतल्या बाजूवरून हात फिरवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते हाताला समजेल. शिवाय गुंडाळलेली मोटर कोणी चुकून तशीच सुरू केली, तर पंख्याला हवा मिळत नाही. वाइंडिंगचे तापमान दर १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे (तारेवरच्या विद्युतरोधक आवरणाचे) आयुष्य साधारण निम्मे होते हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे, आणि प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या मोटरीत १० अंश वाढायला फार वेळ लागत नाही. म्हणून ताडपत्री आणखी घट्ट बांधण्याचा सल्ला स्वीकारू नका. ती काढूनच टाका.

वायरमनचे म्हणणे अर्धे खरे आहे. आयपी ५५ मधला पहिला ५ धुळीविषयी बोलतो: थोडी धूळ आत जाऊ शकते, पण कामात बाधा आणण्याइतकी नाही. दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्याविषयी बोलतो: ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीने मिनिटाला साडेबारा लिटर पाणी सर्व बाजूंनी मारले तरी अपायकारक परिणाम होता कामा नये. पाण्याचा एकही थेंब आत जाणार नाही, असे हा आकडा सांगत नाही. ही चाचणी काही मिनिटांची असते, नव्या मोटरीवर होते आणि तेव्हा तिचे गॅस्केट, सील व ग्लँड जागच्या जागी असतात. आत जमणारे दव, गंज, ऊन, सुकून कडक झालेले रबर यांबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. तुमची मोटर तर दोनदा उघडून भरली गेली आहे. परत जोडताना शाफ्टवरचे रबरी सील नवे बसवले का, टर्मिनल बॉक्सचे गॅस्केट होते तसेच चेपून लावले का, झाकणाचे चारही बोल्ट परत आले का, हे पाहिल्याशिवाय पाटीवरच्या ५५ वर विसंबता येणार नाही. तरीही वायरमन एका बाबतीत बरोबर आहेत: मोटर ‘अन्य कारणाने’ जळाली असण्याची शक्यता आपण नाकारू नये. तिच्याकडे मी शेवटी येतो.

खोलीचा विचार मला सर्वांत कमी पटतो, जरी तो प्रेमापोटीच आलेला आहे. चारी बाजूंनी बंद खोलीत मोटर स्वतःच्याच उष्णतेत शिजते. बहुतेक मोटरी भोवतालचे तापमान ४० अंशांपर्यंत असेल असे धरून बनवलेल्या असतात आणि बंदिस्त खोपटात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. भिंतींचा खर्च वाचवा आणि फक्त छप्पर घाला. ते मोटरीपेक्षा सर्व बाजूंनी बरेच पुढे आलेले असावे, म्हणजे तिरपा पाऊस थेट बॉडीवर येणार नाही, आणि वाऱ्याचा मारा ज्या एका बाजूने जास्त असेल तिथे हवे तर एक पडदीची भिंत घालावी, पण मोटरीपासून अंतर राखून. छपराने पावसाइतकेच ऊनही अडवले जाते आणि उन्हाचे महत्त्व आपण नेहमी कमी लेखतो: केबलचे आवरण, ग्लँडचे रबर आणि रंग ही तिन्ही उन्हानेच आधी मरतात. पंख्याच्या जाळीमागे मोकळी जागा ठेवा. जाळीच्या व्यासाच्या किमान चौथ्या हिश्शाइतके अंतर ही उत्पादकांच्या पुस्तिकांत आढळणारी मर्यादा आहे, पण मी वीतभर तरी सोडायला सांगेन, कारण तिथे पाला आणि चिंध्या अडकतात. तुमची मोटर आडवी आहे असे मी धरून चाललो आहे. ज्या वाचकांच्या मोटरी उभ्या, म्हणजे शाफ्ट खाली आणि पंखा वर अशा बसवलेल्या असतील, त्यांनी पंख्याच्या जाळीवर छत्रीसारखी पावसाळी टोपी नक्की बसवावी, कारण ती जाळी आभाळाकडे तोंड करून उभी असते.

छपराइतकेच महत्त्व चौथऱ्याला आहे. पंप साचलेले पाणी उपसण्यासाठी आहे, म्हणजे तो सखल जागी असणार. आजवरच्या सर्वांत मोठ्या पावसात पाणी कुठवर चढले होते ती खूण शोधा आणि मोटरीचा तळ तिच्याहून निदान फूटभर वर घ्या.

आता मी अशा एका गोष्टीकडे वळतो, जिला पैसे जवळपास लागत नाहीत आणि जी मला पाहायला मिळालेल्या दहा मोटरींपैकी फार थोड्यांत ठीक असते. बऱ्याच बंदिस्त मोटरींच्या बॉडीला किंवा टोकाच्या झाकणांना खालच्या बाजूस बारीक निचरा-छिद्रे असतात आणि त्यांत प्लॅस्टिकची किंवा धातूची बुचे असतात. आत जमलेले पाणी बाहेर पडण्याचा हा एकमेव रस्ता आहे. पण छिद्रे ‘खाली’ आहेत हे मोटर ज्या स्थितीत बसवायची म्हणून कारखान्यातून निघाली, त्या स्थितीपुरते खरे असते. मोटर भिंतीला आडवी बसवली, उभी केली किंवा भरून आणल्यावर झाकण फिरवून लावले गेले की छिद्र कडेला किंवा थेट वर जाते, आणि मग ते पाणी बाहेर सोडण्याऐवजी आत घेऊ लागते. तुमची मोटर दोनदा उघडली गेली असल्याने हे आधी तपासा. वीजपुरवठा तोडून, मोटर थंड असताना, सर्वांत खालचे बूच काढा आणि खाली कोरडा कागद धरा. पाणी पडले तर कारण तुमच्या हातात आले. तांबूस डाग असलेला ओलावा दिसला तरी अर्थ तोच. छिद्र रंगाने किंवा मातीने बुजलेले असेल तर ते काडीने मोकळे करा, पण टोकदार वस्तू आत खोल घालू नका, कारण वाइंडिंग जवळच असते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बूच काढून निचरा करावा आणि पुन्हा लावावे. ते कायम उघडे ठेवण्याची सूचना उत्पादकाने दिली असेल तरच तसे ठेवा, कारण उघड्या छिद्राने आयपीचा आकडा कमी होतो आणि मुंग्यांना दार मिळते.

निचऱ्याच्या जोडीला ऊब हवी. जी मोटर महिनोन् महिने थांबून असते तिच्यासाठी आत बसवायचे छोटे हीटर मिळतात. लहान मोटरीला साधारण २५ ते ५० वॅटचा पुरतो. त्याचे काम मोटर तापवण्याचे नसते. वाइंडिंग भोवतालच्या हवेपेक्षा जेमतेम ५ ते १० अंश ऊबदार राहिले की त्यावर दव जमत नाही, एवढेच त्याने करायचे. मोटर सुरू झाली की तो आपोआप बंद आणि मोटर थांबली की आपोआप सुरू, अशी जोडणी स्टार्टरमधून करून घ्यावी. पुढच्या वेळी मोटर भरायला द्यावी लागलीच, तर तेव्हाच हा हीटर वाइंडिंगला बांधून घेणे सर्वांत सोपे जाते. त्याबरोबर एक धोका येतो, तो वायरमनना आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या: मोटरीचा स्विच बंद केला तरी हीटरच्या तारांत वीज असते. टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर तशी ठळक पाटी लावा.

हीटर बसेपर्यंत, आणि नंतरही, पंप आठवड्यातून एकदा चालवा. इथे बरेच जण ‘चालते आहे ना’ एवढे पाहायला अर्धे मिनिट बटण दाबतात आणि समाधानाने बंद करतात. मला ते मुळीच मान्य नाही, कारण त्याने मोटर जरा कोमट होते, एक श्वास सोडते, पुन्हा दमट हवा घेते आणि आतली ओल तशीच राहते. बॉडी सर्व बाजूंनी चांगली गरम लागेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, ती पाण्यासह चालायला हवी. पाण्यासह हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कोरडा पंप चालवला तर त्याचे मेकॅनिकल सील काही मिनिटांत जळते. खड्ड्यात पाणी नसेल तर टाकीतून पाणी सोडून ते फिरते ठेवा किंवा कपलिंग सोडवून मोटर एकटी चालवा.

तुमच्या दोन्ही मोटरी शेजारी-शेजारी आहेत हे वाचून मला बेअरिंगची काळजी वाटली. थांबलेल्या मोटरीचे बेअरिंग शेजारच्या ब्लोअरच्या कंपनाने जागच्या जागी थरथरत राहते, गोळ्यांखालचे ग्रीस बाजूला सरकते आणि धावपट्टीवर बारीक खाचा पडतात. मग मोटर चालवली की घरघर ऐकू येते आणि दोष पावसाला दिला जातो. आठवड्याची फेरी हेही टाळते, आणि ज्यांना मोटर चालवणे शक्य नाही त्यांनी निदान महिन्यातून एकदा, पुरवठा तोडून, शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून तो आधीपेक्षा वेगळ्या जागी थांबवावा. ग्रीसच्या बाबतीत संयम ठेवा. बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद प्रकारचे असेल तर त्यात ग्रीस भरायचेच नसते. ग्रीस भरण्याची सोय असेल तर आधी जे वापरले आहे तेच भरा, कारण लिथियम आणि पॉलियुरिया आधाराची ग्रीसे एकत्र आली की ती बरेचदा पातळ होऊन गळतात. आणि जुने ग्रीस बाहेर पडण्याचे बूच उघडून मगच नवे दाबा, नाहीतर ते वाइंडिंगच्या दिशेने सरकते.

टर्मिनल बॉक्सवर मी तुमचा थोडा जास्त वेळ घेतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मला दर पावसाळ्यात बॉडीत वीज उतरणारी मोटर दाखवण्यात आली. बॉडी कोरडी, निचरा ठीक, बेअरिंग उत्तम, तरीही टर्मिनल बॉक्समध्ये पाण्याची रेघ होती. केबल भिंतीवरून उतारावर येऊन थेट वरच्या छिद्रातून बॉक्समध्ये शिरत होती आणि पाणी केबलला धरून, पन्हाळीतून यावे तसे, आत येत होते. केबल आधी बॉक्सच्या खाली नेऊन, तिला एक झोळ देऊन, खालच्या बाजूने वर आत घेतली आणि तो त्रास कायमचा थांबला. झोळाच्या तळाशी पाणी टपकून जाते. तुमच्याकडेही केबल खालून किंवा बाजूने येईल असे पाहा. ग्लँडचा आकार केबलच्या जाडीला जुळणारा हवा. सैल ग्लँडवर टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे, कारण टेप पाणी धरून ठेवते. न वापरलेल्या छिद्रांना योग्य बुचे हवीत, आणि झाकणाचे गॅस्केट चपटे, तडकलेले किंवा कडक झालेले असेल तर ते बदला. झाकणावर सिलिकॉनचे थर थापण्याची सवय बरीच पसरली आहे, पण त्याने पुढच्या वेळी झाकण उपटावे लागते, कडा वाकतात आणि गळती कायमची होते. आतल्या टर्मिनलच्या नटांवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर तो घासून काढा, नट योग्य बळाने आवळा आणि अर्थिंगची तार बॉडीला जिथे जोडली आहे तिथला रंग खरवडलेला व जोड घट्ट आहे याची खात्री करा. उघड्यावरच्या मोटरीचे अर्थिंग गंजून तुटले आणि वाइंडिंगमध्ये ओल शिरली, तर ओल्या जमिनीवर उभे राहून बॉडीला हात लावणारा माणूस जिवाला मुकू शकतो. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही: वर्षातून एकदा अर्थिंगची तपासणी आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात. माणसांच्या संरक्षणासाठी ते उपकरण ३० मिलिअँपिअरचे असते. ते वारंवार पडू लागले तर त्याला बाजूला टाकून पुरवठा थेट जोडू नका, कारण ते तुम्हाला मोटर भिजल्याचे सांगत असते.

भिजली आहे की नाही हे आधीच कळावे यासाठी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण, आहे. वायरमनना पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यात दर महिन्याला आणि दीर्घकाळ बंद असलेली मोटर सुरू करण्यापूर्वी दर वेळी मेगर लावायला सांगा. तुमच्यासारख्या कमी दाबाच्या मोटरीला ५०० व्होल्टचा मेगर वापरतात. आधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे, मोटर स्टार्टरपासून सोडवायची, मधे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर तो नक्की वेगळा करायचा आणि मगच वाइंडिंग व बॉडी यांच्यातला रोध एक मिनिटाने वाचायचा. मोजून झाल्यावर वाइंडिंगमध्ये उरलेला भार जमिनीत उतरवायचा. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या मानकानुसार अशा मोटरींना ४० अंश तापमानाला किमान ५ मेगओहम हवेत. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की रोध साधारण दुप्पट दिसतो, म्हणून थंड सकाळी २० अंशांना ५ दिसणे पुरेसे नाही, तिथे सुमारे २० दिसायला हवेत. एकट्या आकड्यापेक्षा मला त्याची चाल अधिक बोलकी वाटते. २०० वरून १२० आणि तिथून ४० असा उतरणारा आकडा अजून ‘पास’ असला तरी मोटर ओल धरते आहे हे स्पष्ट सांगतो. म्हणून एक वही करा आणि तिच्यात तारीख, तापमान व आकडा एवढेच लिहीत जा.

आकडा कमी आला तर घाबरू नका आणि मोटर सुरूही करू नका. निचऱ्याची बुचे व टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडून मोटर छपराखाली घ्या. शक्य असल्यास टोकाची झाकणे काढून आत ६० ते १०० वॅटचा एक साधा पिवळा बल्ब, वाइंडिंगला न टेकता, काही तास किंवा रात्रभर ठेवा. जवळ माणूस असू द्या. वाइंडिंग ८०–९० अंशांच्या वर जाऊ नये. सुकताना आकडा आधी थोडा खाली जातो आणि मग चढतो, म्हणून पहिल्या तासात निराश होऊ नका. मोटर पुराच्या गढूळ पाण्यात पूर्ण बुडाली असेल तर प्रकार वेगळा आहे: ती उघडून स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावी लागते, मगच सुकवावी लागते आणि बेअरिंग बदलावेच लागतात. ते काम दुरुस्तीच्या दुकानाकडे सोपवा.

बाहेरच्या बॉडीचे काम थोडक्यात सांगतो. गंजलेला भाग घासून, प्रायमर लावून, पातळ थरात रंग द्या. बॉडीवरच्या उभट पट्ट्यांमधल्या खाचा रंगाने भरू देऊ नका, कारण त्यांच्यातूनच उष्णता जाते. पाण्याची जोरदार धार मारून मोटर धुण्याची पद्धत कोणाकडे असेल तर ती आजच थांबवावी, कारण ती धार शाफ्टच्या सीलमधून सरळ बेअरिंगमध्ये जाते. कोरडा ब्रश आणि कापड पुरते.

आता राहिली ती ‘अन्य कारणाची’ शक्यता. मोटर दोनदा जळाली, पण ती कशी जळाली होती हे तुमच्या पत्रात नाही आणि बहुधा तुम्हाला कोणी दाखवलेही नसेल. जळालेले वाइंडिंग काढून टाकण्याआधी पाहता आले तर ते बरेच सांगून जाते. संपूर्ण वाइंडिंग सारखेच काळे पडले असेल तर पंप अडकला, जास्त भार पडला किंवा हवा मिळाली नाही असे समजावे. ताडपत्रीसकट मोटर चालली असेल तर चित्र असेच दिसेल. तीन फेजपैकी काही गट जळून बाकीचे स्वच्छ राहिले असतील तर एक फेज गेला असताना मोटर चालत राहिली होती, आणि तेव्हा दोष स्टार्टरमध्ये, फ्यूजमध्ये किंवा सैल जोडात शोधायचा असतो. त्यावर छप्पर हा इलाज नाही, नीट लावलेला ओव्हरलोड रिले (जास्त भार पडल्यास मोटर थांबवणारा) आणि फेज गेल्यास मोटर थांबवणारे उपकरण हा इलाज आहे. बाकी वाइंडिंग चांगले असून एखाद्याच खाचेत किंवा एका जागी छिद्रासारखा काळा डाग असेल तर इन्सुलेशन तिथे हरले होते, आणि ओलीचा संशय तिथे सर्वांत बळकट ठरतो. म्हणून दुकानदारांना आजच फोन करून विचारा की, दोन्ही वेळा काय दिसले होते. त्यांना आठवत असेल. त्याच वेळी एवढेही विचारा की, जुने वाइंडिंग काढताना स्टेटर (वाइंडिंग बसवलेला लोखंडी गाभा) किती तापवला होता. ज्योतीने बेसुमार भाजला गेला असेल तर पत्र्यांमधले पातळ इन्सुलेशन जळते, लोखंड स्वतःच अधिक तापू लागते आणि पुढचे प्रत्येक वाइंडिंग आधीच्यापेक्षा लवकर जाते. तसे झाले असेल, तर तिसऱ्यांदा भरण्याऐवजी नवी मोटर घेणेच स्वस्त पडेल. ती घेताना निचरा-छिद्रे तुमच्या बसवण्याच्या स्थितीला खाली येतील आणि आत हीटर असेल अशी स्पष्ट मागणी करा.

कामाचा क्रम तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. पहिल्या दिवशी ताडपत्री सोडा, निचऱ्याचे बूच काढून पाहा आणि मेगर लावून घ्या. आकडा ठीक असेल तर पहिला अर्धा तास त्याच दिवशी चालवा. छप्पर, चौथरा आणि केबलचा झोळ ही कामे त्यानंतर, पण पाऊस येण्याआधी. हीटर सवडीने. आणि सासऱ्यांना त्या दिवशी सोबत घेऊन जा, कारण पाणी कुठवर चढते आणि वारा कोणत्या बाजूने मारतो हे तुमच्या आवारात त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसेल. छपराची दिशा त्यांनाच ठरवू द्या.